२३ मतं फुकट गेली म्हणणाऱ्या आमच्या मुंबई मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष काका, सेक्रेटरी भाऊजी, खजिनदार आणि समस्त कमिटी,
आमच्या वाडीचं मुंबई मंडळ

सप्रेम नमस्कार.

हे खरं तर मंडळाच्या ग्रुपवरच टाकणार होते, पण ग्रुपवर आता फक्त ॲडमिनच लिहू शकतो असं सेटिंग तुम्ही करून ठेवलंय आणि ते नेमकं कुठल्या दिवशी केलंत ते सगळ्यांना माहितीये, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. राग मानू नका. मानलात तरी चालेल, गणपतीला याल तेव्हा चहा मिळेलच.

विषय तोच. २०२४ च्या विधानसभेचा निकाल लागल्यावर काही दिवसांनी सेक्रेटरी भाऊजींनी ग्रुपवर एका कागदाचा फोटो टाकला, आपल्या बूथच्या ओळीखाली लाल रेघ मारलेला, आणि खाली लिहिलं, "तिसऱ्याला २३ मतं. वाडीचा शब्द मोडून मत फुकट घालवणारे हे २३ जण कोण?" त्याच्याखाली कोणी हसण्याच्या स्मायल्या टाकल्या, कोणी "गद्दार" लिहिलं, एकाने तर घरं मोजून अंदाज पण बांधले.

तर २३ पैकी एक मी. आता २२ शोधा.

तिठ्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे हे तुम्हाला माहितीच आहे. तिन्ही उमेदवारांच्या स्लिपा मीच काढून दिल्या, तिघांचे पैसे घेतले, तिघांपैकी एकाचे अजून येणं आहे (तिसऱ्याचे नाही, त्याने रोख दिले). त्या तिसऱ्याचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण त्याचा प्रचार करायला हे पत्र नाही. तो पडला, डिपॉझिट पण गेलं. विधानसभेला दहा हजार भरावे लागतात आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर ते सरकारजमा. त्याला ती मिळणार नव्हती हे मला बटण दाबताना पण माहिती होतं, तेव्हा "तुला काय वाटलं तो येणार होता का" हा प्रश्न कृपा करून परत विचारू नका.

आधी शब्द मोडल्याचं बघू. मतदानाच्या आधीच्या रविवारी तुम्ही मुंबईहून दोन गाड्या करून आलात, देवळात मीटिंग घेतलीत आणि देवासमोर नारळ ठेवून त्याच्यावर हात ठेवायला लावलेत की वाडीचं मत एकच जाणार. अगदी बरोबर. पण त्या मीटिंगला बायकांना बोलावलं होतं का? आम्ही मागे चुलीवर तुमच्या पन्नास माणसांचं जेवण करत होतो. माझ्या सासूबाई तुमचा मेसेज वाचून दाखवल्यावर एवढंच म्हणाल्या, "नारळार हात तेंनी ठेवलो, आपण खंय ठेवलो?" त्यांनी कोणाला मत दिलं ते मला माहिती नाही, विचारलं पण नाही. कोर्टात उभं केलं तरी कोणाला मत दिलंस हे सांगायची सक्ती करता येत नाही असा कायदा आहे, ग्रुपवर कशी करता येईल?

आणि तो फोटो. तो फॉर्म २० चा कागद, बूथवार आकडे असतात त्याच्यात, चोरून आणलेला नाही, सगळ्यांना बघता येतो हे मान्य. पण त्याचा उपयोग आपल्याच वाडीतली डोकी मोजायला करायचा का? पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजायच्या आधी वेगवेगळ्या बूथच्या एकत्र मिसळता यायच्या, कुठल्या वाडीने काय केलं ते कळायचं नाही. मशीन आल्यावर प्रत्येक बूथ उघडा पडला. निवडणूक आयोगाने २००८ सालीच सुचवलेलं की १४ बूथची मशीनं एकत्र जोडून बेरीजच तेवढी दिसेल असं टोटलायझर नावाचं यंत्र वापरू, २०१५ मध्ये लॉ कमिशनने पण हो म्हटलं, पण सरकारला ते पटलं नाही. का पटलं नसेल ते भाऊजींनी मारलेली लाल रेघ बघून कळतं.

आता मुद्द्यावर येते. तुमचं म्हणणं सोपं आहे, "जो येतलो तेकाच देवचा, नायतर मत फुकट." हे मी लग्न होऊन या वाडीत आल्यापासून ऐकतेय आणि बरीच वर्षं मलाही ते पटायचं. पण झेरॉक्सवाल्या बाईला रिकामा वेळ खूप असतो, मी एकदा हिशोब मांडून बघितला. जिंकलेल्याला दिलेलं मतच कामी आलं असं धरलं तर दुसऱ्या नंबरवाल्याची सगळी मतं पण फुकटच गेली ना? २०२४ च्या लोकसभेला आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार लाखांवर लोकांनी पडलेल्या उमेदवाराला मत दिलं, ते सगळे येडे का? आणि जिंकलेला ४७,८५८ ने जिंकला, म्हणजे ती वरची ४७ हजार मतं नसती तरी तो आलाच असता, मग ती पण जास्तीचीच झाली. आपल्या वाडीची पाचशे साडेपाचशे मतं इकडे असती तिकडे असती, निकाल तोच. तुमच्याच मापाने मोजलं तर आख्ख्या वाडीचं मत दर वेळी फुकट जातं, आमच्या २३ जणांचंच नाही.

मग तुम्ही म्हणाल ४८. तो मेसेज पण आलाय फॉर्वर्ड होऊन. हो, मुंबई उत्तर-पश्चिमला त्याच निवडणुकीत निकाल ४८ मतांनी लागला, आपल्या एका वाडीपेक्षा कमी. आणि तिथे नोटालाच पंधरा हजारांच्या वर मतं होती. म्हणून तिसऱ्याला देऊ नका, नोटा दाबू नका असं तुम्ही सांगता. पण तिथेच शंभरातले चाळीसच्या वर लोक घरातून बाहेरच पडले नाहीत, त्यांना कोणी फुकट म्हणत नाही. जो उन्हात रांगेत उभा राहिला, बोटाला शाई लावून घेतली आणि मनातलं बटण दाबलं त्यालाच फुकट म्हणायचं. मंडळातली किती माणसं त्या मतदारसंघात राहतात आणि त्यातली किती त्या दिवशी मतदान करून आली हे पण एकदा ग्रुपवर विचारा की. काही जणांचं नाव तिथेही आहे आणि इथेही आहे, ते कायद्याला मान्य नाही, पण तो विषय आज काढत नाही.

खरोखर फुकट गेलेलं मत मी बघितलंय. माझं माहेर दापोलीकडचं, तो भाग रायगड लोकसभेत येतो. २०१४ ला तिथे अनंत गीते आणि सुनील तटकरे अशी लढत झाली आणि गीते फक्त २,११० मतांनी आले. त्याच यादीत तटकरेंच्या नावासारखंच नाव असलेला एक अपक्ष होता, त्याला ९,८४९ मतं पडली. तेव्हा मशीनवर उमेदवाराचा फोटो नसायचा, ते पुढच्या वर्षीपासून सुरू झालं. माझी मावशी मतदान करून आली, खळ्यात बसली, चप्पल पण काढली नव्हती, आणि म्हणाली दोन दोन तटकरे कसे गं होते यादीत? आम्ही विचारलं तू कुठला दाबलास? म्हणाली "चिन्ह कोण बघत बसतंय, मी नाव वाचून दाबलं." जुनी मॅट्रिक बाई, वाचता येतं म्हणूनच फसली, अंगठेबहाद्दर शेजारीण चिन्ह बघून बरोबर दाबून आली होती. निकालाचे आकडे ऐकल्यावर मावशी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. ते मत फुकट गेलं, कारण ते तिच्या मनातलं नव्हतं. आणि माझ्या मते नारळावर हात ठेवायला लावून घेतलेलं मत पण त्याच पोत्यातलं.

त्याच निवडणुकीतली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. शेकापने (शेतकरी कामगार पक्षाने) तेव्हा तिथे आपला वेगळा उमेदवार उभा केला होता, तो तिसरा आला, पण मतं सव्वा लाखाच्या वर. तुमच्या हिशोबाने सव्वा लाख मतं समुद्रात. पण पुढे काय झालं? २०१९ ला शेकापने उमेदवार दिला नाही, तटकरेंना पाठिंबा दिला आणि दोन हजारांनी पडलेले तटकरे एकतीस हजारांनी आले. आता सगळं श्रेय शेकापलाच असं मी म्हणत नाही, पाच वर्षांत बाकीचं पण बरंच बदललं होतं. पण त्या सव्वा लाखाला किंमत आली ती २०१४ ला ते वेगळे मोजले गेले म्हणून. आधीच दोघांपैकी एकाच्या ढिगात पडले असते तर ते किती आहेत हे कोणाला कळलं असतं? बाजारात माशाच्या वाट्यावर हात ठेवून "हाच घेणार" म्हटल्यावर कोळीण कधी भाव कमी करते का?

अध्यक्ष काका, तुमच्यासाठी एक वेगळी आठवण. तुम्हीच सांगता ना दर मीटिंगला की तुमच्या वडिलांनी नाथ पैंच्या सभेला चालत जाऊन भाषण ऐकलं होतं. देशभर काँग्रेस असताना आपल्या तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७, ६२, ६७ असं तीनदा नाथ पैंना पाठवलं. ते गेल्यावर १९७१ ला इंदिराबाईंची लाट असताना मधु दंडवते, त्या वर्षी त्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाचे आख्ख्या देशात दोन खासदार आले होते. दोन! त्यातला एक आपला. ते इथे तिसऱ्या नंबरला नव्हते, पहिल्या होते, हे मला कळतं. पण "दिल्लीत ज्याची सत्ता त्यालाच द्या, नाहीतर कामं होत नाहीत" असंच तेव्हाही कोणीतरी सांगितलं असेलच ना? आपल्या म्हाताऱ्यांनी ते ऐकलं नाही आणि दंडवत्यांना पाच वेळा निवडून दिलं. ते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर गादी आली. गणपतीला तुम्ही ज्या बर्थवर पाठ टेकून येता त्याचा विचार करून बघा.

उलट जिंकणाऱ्यांनाच मत देऊन काय झालं ते पण बघू ना. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. तेव्हापासून आपण ज्याला ज्याला निवडून दिलं तो जिंकलेलाच होता, या पक्षाचा त्या पक्षाचा, सगळे जिंकलेले. सत्कारणी लागलेली मतं आहेत ती सगळी. तुम्ही दर गणपतीला माणगावच्या ट्रॅफिकमधून फोटो टाकताच.

आता माझी बाजू जिथे लंगडी आहे ते पण लिहिते, नाहीतर खजिनदार काका म्हणतील बाई एकतर्फी बोलते. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने ग्रुपवर लिहिलेलं (तेव्हा सेटिंग बदललं नव्हतं) की तिकडे २००० साली फ्लोरिडात बुश फक्त ५३७ मतांनी पुढे राहिला आणि तेवढ्यावर देशाचा अध्यक्ष झाला, आणि तिथेच राल्फ नेडर नावाच्या तिसऱ्या उमेदवाराला ९७ हजारांवर मतं होती. त्यातली थोडी जरी बुशच्या विरोधातल्या गोरला गेली असती तर चित्र वेगळं असतं. हे खोटं नाही. नेडरला मत दिलेल्या बऱ्याच जणांना बुशपेक्षा गोर बरा वाटत असणार आणि त्यांना नंतर वाईट वाटलं असेल तर ते मी समजू शकते. मी पण मे महिन्यातल्या लोकसभेला दोन मोठ्यांपैकीच एकाला मत दिलं, मनापासून नाही, दुसरा येऊ नये म्हणून. त्याची लाज नाही वाटत. कधी कधी घरात साप शिरल्यावर हातात येईल ती काठी घ्यावी लागते, चांगली काठी शोधत बसत नाही माणूस. म्हणजे तिसऱ्याला दिलेलं मत कधीच महागात पडत नाही असं माझं म्हणणंच नाहीये. ते केव्हा परवडतं केव्हा नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, बूथच्या आत, एकट्याने, एवढंच म्हणणं आहे. आणि तिकडे पण त्या वर्षी जवळपास निम्मे लोक मत द्यायला गेले नव्हते हो, त्यांचं नाव कोणी घेत नाही, नेडरचं घेतात.

खरी गोम पद्धतीत आहे. आपल्याकडे सगळ्यात जास्त मतं ज्याला तो आला, मग ती शंभरात पस्तीस असली तरी चालतात, आणि आपल्याला एकच बटण. पण दुसरी पद्धत आपल्याच कोकणात चालते, ती तुमच्यापैकी फार जणांना माहिती नसेल. जून २०२४ ला कोकण पदवीधरची निवडणूक झाली, विधान परिषदेची. मी पदवीधर आहे, फॉर्म १८ भरून नाव घातलेलं (दर निवडणुकीला नव्याने घालावं लागतं, माझ्या दुकानातून किती जणांचे भरले ते मलाच माहिती). तिथे मशीन नसतं, कागद असतो आणि त्यांनीच दिलेलं जांभळं स्केचपेन असतं, आपलं पेन वापरलं तर मत बाद. नावापुढे १ लिहायचा, मग वाटलं तर दुसऱ्याच्या नावापुढे २, तिसऱ्याच्या ३. कोणालाच निम्म्यापेक्षा जास्त पहिली पसंती मिळाली नाही तर शेवटच्या नंबरवाल्याला काढतात आणि त्याचे कागद त्याच्यावर ज्यांना २ आहे त्यांच्याकडे जातात. म्हणजे माझा तिसरा पडला तरी माझं मत पडत नाही, उठून दुसऱ्याकडे चालत जातं. मी ते पेन हातात धरून पाचेक मिनिटं उभी होते, बाहेरून साहेब म्हणाले ताई झालं का. कधी नव्हे ते मला मनातलं सगळं सांगता येत होतं, पहिलं कोण, ते नाहीच जमलं तर कोण. आणि गंमत म्हणजे बाहेर पार्टीवाले काय सांगत होते, तर "फक्त एक लिहा, दोन लिहूच नका." तिथेही तेच!

विधानसभेला हे जांभळं पेन मिळालं असतं तर तुमच्या माझ्यात भांडणच नव्हतं. ते मिळत नाही तोपर्यंत एका बटणात जेवढं सांगता येतं तेवढं सांगायचं.

आणि सांगायचं काय होतं, तर साकव. व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. खालच्या वाडीतल्या पोरांना पावसाळ्यात शाळेत जायला दोन किलोमीटरचा वळसा, पाणी चढलं की दोन दोन दिवस शाळाच नाही. वाडीने एकगठ्ठा मत देऊन इतक्या वर्षांत मिळवलं काय? देवळाला सभामंडपाच्या लाद्या, शंभर खुर्च्या (आता बहात्तर उरल्यात), एक स्पीकर आणि क्रिकेटच्या पोरांना जर्सी. साकवाचा अर्ज मी स्वतः चार वेळा टाइप केलाय, तारीख तेवढी बदलते. ज्याला माहितीये की मतं येणारच आहेत तो साकव कशाला बांधेल? आणि ज्याला माहितीये की मिळणारच नाहीत तो तरी कशाला? तिसऱ्याने निदान खाली उतरून व्हाळ बघितला, पँट गुडघ्यापर्यंत भिजवून पलीकडे गेला, तिकडच्या म्हातारीशी बोलला. एवढ्याचं मी त्याला मत दिलं. तो आला असता तर बांधला असता की नाही देव जाणे.

आता ऐका. निकालानंतर महिन्याभराने दुकानासमोर एक गाडी थांबली. एकगठ्ठा मतं ज्यांना मिळाली त्यांच्याच पक्षाचा तालुक्याचा माणूस, सोबत हातात टेप घेतलेला एक पोरगा. मला विचारतो, वहिनी, तुमच्या बूथला ते २३ कुठून आले, काय नाराजी आहे का वाडीत? मी म्हटलं मला काय माहिती, मी झेरॉक्सवाली, पण तो व्हाळ बघून या. गेले दोघं. पोराने टेपचं एक टोक जांभळीच्या मुळाला अडकवलं आणि दुसरं धरून पाण्यातून पलीकडे गेला, मध्ये एकदा पाय घसरला त्याचा. अकरा मीटर आणि काही सेंटिमीटर, वहीत लिहून घेतलं. बाकी अजून काहीच झालेलं नाही, साकव नाही, पत्र नाही, उद्या होईल असं पण मी म्हणत नाही. पण इतक्या वर्षांत त्या व्हाळाला टेप लागली ती पहिल्यांदा, आणि ती तुमच्या पाचशे मतांमुळे लागली नाही.

तेव्हा मंडळाला विनंती अशी आहे. ग्रुपवरचा तो लाल रेघेचा फोटो काढून टाका. पुढच्या निवडणुकीआधी मीटिंग घ्यायची तर घ्या, पण कोणाला मत द्यायचं ते सांगायला घेऊ नका, वाडीला काय हवंय ते लिहायला घ्या, मी टाइप करून देते, पैसे घेणार नाही. बायकांना बसवा, जेवण त्या दिवशी कॅटरिंगवाल्याला सांगा. आणि देवाला त्यात ओढू नका. आपण देवळात कौल लावतो, म्हणजे देवाला विचारतो, तेव्हा पाकळी उजवी पडणार की डावी हे आधी ठरवून लावतो का? गुरवाला कोणी दम देतं का, की जिकडे पडणार तिकडेच माग म्हणून?

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाडीची एक सून

ता. क. वर्षाची वर्गणी ५०० रुपये काल खजिनदार काकांच्या नंबरवर पाठवलेत. दर वर्षी मी माझ्या दुकानातून पाठवते आणि पावती ह्यांच्या नावाने येते. या वेळी माझ्या नावाने काढा.